उन्हाळी कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्थलनिवडीचे निकष : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना

पर्यटन ही आधुनिक समाजजीवनाची एक गरज बनली आहे. प्रवासाची साधने बदलली की पर्यटनाचे स्वरूपही बदलते. रेल्वेने थंड हवेची ठिकाणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली, एस.टी. महामंडळाच्या गाडीने तीर्थक्षेत्रे जवळ आणली आणि खाजगी मोटारीने कुटुंबाला आपल्या सोयीने निघण्याचे स्वातंत्र्य दिले. याच क्रमातील पुढचा टप्पा म्हणजे कॅराव्हॅन, म्हणजेच ज्या वाहनात झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असते असे चालते घर. अमेरिकेत यास रिक्रिएशनल व्हेईकल अथवा संक्षेपाने आर.व्ही. असे म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर आपल्या राज्यातही या प्रकाराची चर्चा सुरू झाली.

कॅराव्हॅनविषयीचे उपलब्ध लेखन बहुतांशी पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावर आधारलेले आहे. तेथील हवामान, रस्ते, मुक्कामाची मैदाने आणि पाण्याची उपलब्धता आपल्याकडील परिस्थितीपेक्षा भिन्न आहे. विदर्भातील एखादे कुटुंब एप्रिल-मे महिन्यांच्या सुटीत अशा वाहनाने बाहेर पडू इच्छित असेल, तर 'कोठे जावे' या प्रश्नाचे उत्तर त्याला पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत मिळत नाही, आणि केवळ प्रसिद्ध पर्यटनस्थळांची यादी पाहूनही मिळत नाही. हॉटेलमध्ये उतरणाऱ्या पर्यटकासाठी पाणी, वीज आणि गारवा यांची व्यवस्था अन्य कोणीतरी केलेली असते. कॅराव्हॅनचा प्रवासी मात्र या तिन्ही बाबतींत थेट त्या स्थळाच्या भूगोलावर अवलंबून असतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीने स्थलनिवड हा आवडीनिवडीपेक्षा भूगोलाचा प्रश्न ठरतो.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) उन्हाळ्यातील कॅराव्हॅन मुक्कामासाठी स्थळ निवडण्याचे भौगोलिक निकष स्पष्ट करणे.
२) या निकषांच्या आधारे वाशीमहून जाता येण्याजोग्या निवडक स्थळांचे मूल्यमापन करणे.
३) यजमान गावांच्या पाणीप्रश्नाशी या पर्यटनाचा असलेला संबंध दाखविणे.
४) वाशीम जिल्ह्यासाठी यातून निर्माण होऊ शकणाऱ्या संधींचा विचार करणे.

विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उंची व अंतरे यांचे आकडे स्थूलमानाने दिले आहेत. वाहनांच्या किमती अथवा भाडे यांचा विचार येथे केलेला नाही.

कॅराव्हॅन : संकल्पना आणि पार्श्वभूमी

'कॅराव्हॅन' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असला, तरी त्याचे मूळ फारसी 'कारवाँ' या शब्दात आहे. वाळवंटातून एकत्रितपणे जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा हा त्याचा मूळ अर्थ होय. केवळ आनंदासाठी बांधलेले पहिले कॅराव्हॅन म्हणून 'वाँडरर' या घोडागाडीचा उल्लेख केला जातो. ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ मध्ये तयार करवून घेतली होती. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली. पुढे मोटारीच्या प्रसाराबरोबर अमेरिकेत हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये कॅराव्हॅन व कॅराव्हॅन मुक्काम-उद्याने यांविषयीचे धोरण आखले. २०२१ मध्ये केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी त्या दिशेने पावले टाकली. महाराष्ट्राच्या धोरणात प्रत्यक्ष वाहन आणि ते उभे करण्याचे कॅराव्हॅन पार्क या दोन्ही बाबींचा समावेश आहे.

वाशीम जिल्ह्याला मात्र 'कारवाँ' ही कल्पना नवीन नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान असून तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे 'बंजारा विरासत' या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. रेल्वे येण्यापूर्वी मीठ व धान्य यांची देशभर ने-आण करण्याचे काम बंजारा अथवा लमाण समाजाचे तांडे करीत असत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. तांड्याचा मुक्काम कोठे पडावा हे तेथील देखाव्यावरून ठरत नसे. माणसांना व जनावरांना पुरेल इतके पाणी, चारा आणि कोरडी जमीन या बाबी निर्णायक असत. पावसाळ्यात दख्खनची काळी माती ओझ्याच्या बैलांना चालू देत नसल्याने त्यांची वाहतूक प्रामुख्याने कोरड्या ऋतूत होई. आजच्या चालत्या घराच्या गरजांची यादी केली, तर चाऱ्याऐवजी वीज एवढाच बदल करावा लागतो.

वाशीमची भौगोलिक स्थिती

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. वऱ्हाडची पारंपरिक प्राकृतिक विभागणी मेळघाट, पयनघाट आणि बालाघाट अशी तीन भागांत केली जाते. उत्तरेकडील सातपुड्याचा डोंगराळ प्रदेश म्हणजे मेळघाट, मधले पूर्णा नदीचे सखल खोरे म्हणजे पयनघाट आणि दक्षिणेकडील अजिंठा डोंगररांगांचे पठार म्हणजे बालाघाट. वाशीम हे बालाघाटात मोडते.

ही जुनी विभागणी आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तर अकोला सुमारे २८० मीटरवर आहे. म्हणजे वाशीमकर मुळातच पयनघाटातील लोकांपेक्षा थोड्या उंच जागी राहतो. उत्तरेस सातपुड्यात जायचे असेल, तर त्याला प्रथम पठार उतरून पूर्णेच्या तापलेल्या खोऱ्यात जावे लागते, ते ओलांडावे लागते आणि मग पुन्हा घाट चढावा लागतो. उन्हाळी प्रवासाचे वेळापत्रक ठरविताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

स्थलनिवडीचे प्रमुख निकष

अ) उंची
पाश्चात्त्य देशांत उन्हाळ्यात गारव्यासाठी उत्तरेकडे जाण्याची रीत आहे. टेक्सासमधील कुटुंब मिनेसोटाकडे निघाले तर त्याला गारवा मिळतो, कारण तेथे अक्षवृत्तांचा फरक मोठा आहे. महाराष्ट्रात हा नियम लागू पडत नाही. मे महिन्यात सूर्य मध्य भारताच्या माथ्यावर असल्याने उत्तरेकडे गेल्यास उष्मा कमी होत नाही, उलट अनेकदा तो वाढतो. आपल्याकडे गारवा मिळतो तो उंचीमुळे. वातावरणात दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने कमी होते. या नियमाने वाशीमच्या तुलनेत काही स्थळांचा अपेक्षित फरक पुढीलप्रमाणे येतो.

तक्ता क्र. १ : वाशीमच्या तुलनेत अपेक्षित तापमान-फरक
अकोला – उंची सुमारे २८० मीटर – सुमारे १.८ अंश अधिक
लोणार – वाशीमइतकीच उंची – फरक नगण्य
भंडारदरा – सुमारे ७५० मीटर – १.३ अंश कमी
पचमढी – सुमारे १०७० मीटर – ३.४ अंश कमी
चिखलदरा – सुमारे १११० मीटर – ३.६ अंश कमी
तोरणमाळ – सुमारे ११५० मीटर – ३.९ अंश कमी
महाबळेश्वर – सुमारे १३५० मीटर – ५.२ अंश कमी

हे आकडे केवळ उंचीवर आधारलेले आहेत. समुद्रावरून येणारा वारा, वनाच्छादन व हवेतील बाष्प यांमुळे प्रत्यक्ष फरक बदलतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर व भंडारदरा यांना पश्चिमेच्या वाऱ्याचा लाभ मिळत असल्याने तेथील गारवा तक्त्यातील आकड्यांपेक्षा अधिक जाणवतो. तथापि तक्त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तीन-चार अंशांच्या फरकाने वाशीमची भर दुपार सुसह्य होत नाही. मग या फरकाचा उपयोग काय? त्याचे उत्तर रात्रीच्या तापमानात सापडते.

आ) रात्रीचे तापमान आणि वीज
पत्र्याचे वाहन दुपारी लवकर तापते. उन्हात बंद करून उभ्या केलेल्या वाहनातील तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा ते वीस अंशांनी वाढू शकते. बाहेर ४२ अंश असताना आतील हवा प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच लहान मुले, वृद्ध व पाळीव प्राणी यांना क्षणभरही बंद वाहनात ठेवू नये. परंतु हेच पत्रे सूर्यास्तानंतर लवकर निवतात. स्लॅबचे घर दिवसभर साठविलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहते, तर वाहनाचे हलके छत थोड्याच वेळात बाहेरच्या हवेच्या बरोबरीला येते. याचा अर्थ असा की, उन्हाळ्यात कॅराव्हॅन हे दिवसाचे वाईट व रात्रीचे चांगले घर आहे.

येथे विजेचे गणित महत्त्वाचे ठरते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालताना साधारणतः दीड किलोवॅट वीज घेते. ते आठ तास अखंड चालले तर १२ युनिट वीज लागेल, आणि यंत्र मधूनमधून थांबते असे धरले तरी आठ-नऊ युनिट लागतील. याउलट १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १.२ युनिट वीज मावते. म्हणजे केवळ बॅटरीवर रात्रभर वातानुकूलन शक्य नाही. त्यासाठी मुक्कामस्थळी वीजजोडणी हवी किंवा जनित्र तरी हवे. मात्र २५ वॅटचा पंखा दहा तास चालविण्यास पाव युनिट पुरते. रात्रीचे तापमान २५ अंशांच्या आसपास उतरले, तर पंखा व उघड्या जाळीच्या खिडक्या यांवर झोप लागू शकते. पठारावरील कोरड्या व निरभ्र रात्री जमीन वेगाने उष्णता गमावते, आणि त्यात उंचीमुळे मिळालेले तीन-चार अंश पंखा व वातानुकूलन यांच्यातील फरक भरून काढतात. उंचीचे खरे मोल ते हेच होय.

याच कारणाने कोकण किनारा फसवा ठरतो. तेथील दुपारचे तापमान वाशीमपेक्षा कितीतरी कमी असते, पण दमट हवेमुळे रात्रीचा उतार अल्प असतो आणि घाम वाळत नाही. किनाऱ्यावरील मे महिन्याची रात्र वीजजोडणीशिवाय वाहनात काढणे कठीण जाते.

इ) पाणी
हा निकष केवळ प्रवाशाच्या सोयीचा नाही. त्यात नैतिकतेचाही प्रश्न आहे. चार माणसांचे कुटुंब अत्यंत काटकसरीने वागले, तरी पिणे, स्वयंपाक, भांडी, अल्प स्नान व स्वच्छतागृह मिळून माणशी ३० लिटर म्हणजे दिवसाला १२० लिटर पाणी लागते. राज्यात टंचाईग्रस्त गावांना टँकरने पाणी पुरविताना माणशी प्रतिदिन २० लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे एका काटकसरी कॅराव्हॅनची एका दिवसाची गरज ही टँकरवर जगणाऱ्या गावातील सहा माणसांच्या वाट्याएवढी आहे. प्रवासी पैसे मोजतो म्हणून ते पाणी निर्माण होत नाही. ते कोणाच्या तरी हंड्यातून कमी होते.

म्हणून मुक्कामाचे गाव निवडताना 'तेथे तलाव आहे का' एवढेच न विचारता 'त्या तलावावर कोण अवलंबून आहे' हेही विचारले पाहिजे. वाशीम शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणीपुरवठा होतो. त्याचा साठा उतरू लागला की शहरवासीयांना किती काळजी वाटते, हे आपण जाणतो. डोंगरावरच्या लहान गावाची स्थिती याहून नाजूक असते. व्यवहारात यासाठी सोपा नियम असा सांगता येईल : घाट चढण्यापूर्वी पायथ्याच्या मोठ्या गावात टाकी पूर्ण भरून घ्यावी आणि डोंगरावर पाणी मागू नये. शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो होते, तेव्हा वाहनाची भारक्षमता पाहूनच टाकी निवडावी.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे सांडपाणी. स्वच्छतागृहाच्या टाकीतील मैला व रसायने नाल्यात अथवा तलावात सोडणे हा गंभीर अपराध मानला पाहिजे. ज्या ठिकाणी ती टाकी रिकामी करण्याची व्यवस्था नाही, तेथे मुक्काम एक-दोन रात्रींपुरता मर्यादित ठेवावा अथवा निवासगृहातील स्वच्छतागृह वापरावे.

ई) सावली व जमीन
सावली हवी ती पश्चिमेची, कारण दुपारी दोन ते पाच या वेळेतील ऊन सर्वाधिक त्रासदायक असते. वड, चिंच, आंबा, कडुनिंब या वृक्षांची सावली उन्हाळ्यात टिकते. साग मात्र या काळात निष्पर्ण असतो. मेळघाटचे अरण्य सागप्रधान शुष्क पानझडीचे असल्याने एप्रिल-मेमध्ये 'जंगल म्हणजे सावली' हा समज तेथे खोटा ठरतो. वळवाच्या पावसाची चिन्हे दिसताच मोठ्या झाडाखालून वाहन हलवावे. फांद्या मोडण्याचा व विजेचा धोका अशा वेळी वास्तव असतो. वीज कडाडत असताना झाडाखाली अथवा तंबूत थांबण्यापेक्षा पत्र्याच्या बंद वाहनात बसणे अधिक सुरक्षित असते.

जमिनीचा विचार जूनमध्ये विशेष करावा लागतो. काळ्या मातीच्या शेतात उभे केलेले जड वाहन एका सरीनंतर रुतून बसते. मुरमाचे, खडकाळ वा फरसबंद आवारच मुक्कामास योग्य समजावे.

उ) रस्ता
समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा व ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा खुला झाल्याने ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग उपलब्ध झाला आहे. यामुळे सह्याद्रीतील स्थळे वाशीमकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यात आली. परंतु भर उन्हात सलग वेगाने वाहन हाकणे टायरसाठी घातक आहे. टायरमधील हवा वाहन थंड असताना तपासावी, भार प्रमाणात ठेवावा आणि दुपारी अकरा ते चार या वेळेत प्रवास टाळावा. घाट चढताना इंजिनच्या तापमानावर लक्ष ठेवावे आणि उतरताना केवळ ब्रेकवर विसंबून न राहता खालच्या गिअरचा वापर करावा.

ऊ) नियम
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, मग मुक्कामाचा प्रश्नच उद्भवत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. वाळलेल्या पानांवर पडलेली एक ठिणगी शेकडो हेक्टर जंगल जाळू शकते, म्हणून उघड्यावर चूल पेटविणे कटाक्षाने टाळावे. वाहनात गॅसवर स्वयंपाक करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद जागेत निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू गंधहीन असल्याने त्याची जाणीव होत नाही.

निवडक स्थळांचे मूल्यमापन

वरील निकषांवर काही स्थळांचा विचार करू. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे वाशीमला जवळचे थंड हवेचे ठिकाण होय. पातूर, अकोला, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा या मार्गाने ते दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाविलगड किल्ला, कॉफीचे मळे, दऱ्याखोऱ्यांचे दर्शन आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान या जमेच्या बाजू होत. वाशीमहून पहाटे चारला निघाल्यास पयनघाटाचा तापलेला पट्टा उन्हे चढण्यापूर्वी ओलांडता येतो. मात्र चिखलदरा तालुक्यातील अनेक गावांना मे महिन्यात पाणीटंचाई भोगावी लागते. म्हणून परतवाडा येथे टाकी भरून जाणे व मुक्काम दोन रात्रींपेक्षा न लांबविणे हे येथील प्रवाशाचे कर्तव्य ठरते. वनक्षेत्रातील रस्त्यांवरील रात्रीच्या वाहतुकीचे नियम वनविभागाकडून आधीच जाणून घ्यावेत.

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे उंचीने चिखलदऱ्याहून किंचित सरस असून यशवंत तलावामुळे रमणीय आहे. परंतु अंतर बरेच अधिक असून घाटरस्ता लांबलचक वाहनास सोयीचा नाही. लहान आकाराच्या वाहनानेच तेथे जावे. खुलताबादजवळील म्हैसमाळ हे छत्रपती संभाजीनगरपेक्षा उंच असलेले पठार वेरूळ पाहणाऱ्या प्रवाशास एका रात्रीच्या मुक्कामासाठी विचारात घेण्याजोगे आहे.

सह्याद्रीतील भंडारदरा समृद्धी महामार्गामुळे सुलभ झाले आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय व पश्चिमेचा वारा यांमुळे तेथील रात्री सुखावह असतात. मात्र मेअखेर व जूनच्या प्रारंभी काजवे पाहण्यासाठी तेथे मोठी गर्दी होते. त्या दिवसांत मोठे वाहन नेणे स्वतःस व स्थानिकांस त्रासदायक ठरते. महाबळेश्वर हे गारव्याच्या बाबतीत राज्यात अग्रेसर असले, तरी वाशीमपासून फार दूर आहे आणि सुटीत तेथील अरुंद रस्त्यांवर वाहन उभे करणेही अवघड जाते. माथेरानचा विचार तर करताच येत नाही, कारण तेथे मोटारींना प्रवेश नसून दस्तुरी नाक्यावरच वाहन सोडावे लागते, आणि कॅराव्हॅनच्या प्रवाशाचे घरच खाली राहते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे वाशीमच्या शेजारचे जगप्रसिद्ध स्थळ आहे. बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर असून त्यातील खारे सरोवर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळ म्हणून घोषित झाले. परंतु उंची वाशीमइतकीच असल्याने उन्हाळी गारव्यासाठी तेथे जाणे निरर्थक आहे. लोणारसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ राखून ठेवावा. स्थळाची महत्ता आणि ऋतूची अनुकूलता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

कालनिवड

स्थळाइतकाच काळही महत्त्वाचा आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा अधिक वाढले, अथवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, तर ती उष्णतेची लाट समजली जाते. असा इशारा असताना प्रवास पुढे ढकलणे श्रेयस्कर होय.

विदर्भातील कुटुंबांना एक नैसर्गिक सवलत आहे. उष्म्यामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्याच्या सुमारास विदर्भात पोहोचतो. म्हणजे पहिल्या सरींनंतर आणि शाळा उघडण्यापूर्वी जे काही मोकळे दिवस मिळतात, ते चिखलदऱ्यासारख्या स्थळासाठी सर्वोत्तम ठरतात. हवा निवलेली असते, रात्री पंख्याचीही गरज उरत नाही आणि गावाच्या पाण्यावरील ताण हलका होऊ लागलेला असतो. पाऊस लांबला, तर प्रवासही तितकाच लांबविण्याची लवचीकता मात्र ठेवावी लागते. चालत्या घराचा खरा लाभ या लवचीकतेतच आहे, कारण महिनाभर आधी खोली राखून ठेवण्याचे बंधन त्यास नसते.

वाशीम जिल्ह्यासाठी संधी

२०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात वाशीमचा समावेश झाला. उद्योगांची वाण असलेल्या अशा जिल्ह्यात महामार्गावरून जाणारा प्रवासी एक रात्र थांबला, तरी त्याचे महत्त्व आहे. नागपूर-मुंबई मार्गावरील प्रवाशास महामार्गाच्या कडेला वाहन उभे करून झोपता येत नाही. शेलूबाजार, कारंजा वा मालेगावच्या परिसरात उतरून एखाद्या शेतकऱ्याच्या आमराईत, मुरमाच्या आवारात, वीजजोडणी व स्वच्छ शौचालयासह रात्रीचा मुक्काम मिळाला, तर तो दोघांच्याही हिताचा ठरेल. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाची त्यास जोड देता येईल. पोहरादेवी, कारंजा येथील श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आणि वाशीमचे बालाजी मंदिर ही स्थळे एका दिवसाच्या फेरीत सामावणारी आहेत.

तथापि पाण्याचा नियम येथेही तितकाच कठोरपणे लागू केला पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीस मे महिन्यात स्वतःच्या जनावरांपुरतेही पाणी नसते, त्याने उन्हाळ्यात केवळ जागा व वीज द्यावी, पाणी नव्हे, आणि प्रवाशाने तशीच अपेक्षा ठेवावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पूर्ण सेवेचा काळ समजावा. असा ऋतूनुसार दर व सेवा यांचा भेद ठेवल्यास पर्यटन गावावर ओझे न होता पूरक उत्पन्न देऊ शकेल.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रात उन्हाळी कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्थळ निवडताना प्रसिद्धीपेक्षा उंची, रात्रीचे तापमान आणि पाणी या तीन बाबी निर्णायक मानल्या पाहिजेत.
२) कॅराव्हॅन हे मुख्यतः रात्रीचे घर आहे. दुपार झाडाखाली, मंदिरात, संग्रहालयात वा सार्वजनिक इमारतीत घालवावी आणि रात्रीचा मुक्काम उंचीवर करावा.
३) वाशीमच्या दृष्टीने चिखलदरा हे सर्वांत सोयीचे स्थळ आहे. मात्र मे महिन्यात तेथे स्वतःचे पाणी घेऊनच जावे, आणि शक्य असल्यास पहिल्या पावसानंतरचे जूनमधील दिवस निवडावेत.
४) सांडपाणी व मैला यांची व्यवस्था नसलेल्या ठिकाणी दीर्घ मुक्काम करू नये. शासनानेही कॅराव्हॅन पार्कला मान्यता देताना पाण्याच्या स्रोताची उन्हाळ्यातील स्थिती तपासावी.
५) समृद्धी महामार्गामुळे वाशीम जिल्ह्यास रात्रमुक्कामाचे केंद्र बनण्याची संधी आहे. ऋतूनिहाय सेवा हे तिचे सूत्र असावे.

तांड्याला पाण्याच्या काठी उतरताना तेथील गावाशी सलोखा राखणे भाग असे, कारण त्याच वाटेने परतायचे असे. सुटीतील प्रवासी बहुधा त्याच गावी पुन्हा येत नाही, त्यामुळे त्याच्यावर अशी सक्ती नसते. ती जबाबदारी त्याने स्वतःहून स्वीकारली, तरच हे चालते घर महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात टिकून राहील.